परमुलखातली देवळं आणि माझं कपाळ

एकोणचाळिसाव्या वर्षी पाठीवर सॅक टाकून एकटीच परदेशात भटकायला निघाले, तेव्हा शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीला वाटलं, बाई बिथरली. तोंडावर मात्र कुणी बोललं नाही. कोल्हापुरात कुणी तोंडावर बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं. समोरच्या काकींना तेवढं राहवलं नाही. "एकटीच? आणि बगायला काय हाय तिकडं?" मी म्हणाले, "देवळं." हे त्यांना पटलं. देवळांचं नाव घेतलं की आपल्याकडे शंभर गुन्हे माफ असतात. कुणाकुणाची देवळं, ते मी सांगितलं नाही.

खरं कारण सांगायचं तर तीन वर्षं मागे जावं लागेल. नवरा सकाळी डबा घेऊन कामाला गेला आणि दुपारी दवाखान्यातून फोन आला. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही, कारण लिहायला लागले तर दुसरं काहीच लिहून होणार नाही. लोक चांगले वागले. गल्लीतल्या बायकांनी महिनाभर भाकरी आणून दिल्या. माझ्या टिकलीवरून कुणी ब्र काढला नाही. मी टिकली लावत होते, आजही लावते.

पण टिकली मी माझ्या हाताने लावते, ती माझी. कुंकू दुसऱ्याच्या बोटाने लागतं, ते बंद झालं. पहिल्याच चैत्रात शेजारी हळदीकुंकवाला गेले. आंब्याची डाळ आली, पन्हं आलं, भिजवलेल्या हरभऱ्याने ओंजळ भरली. करंडा घेतलेली बाई रांगेतून एकेकीच्या कपाळाला बोट लावत आली, माझ्यापाशी आली आणि तिचं बोट माझ्यावरून उडी मारून पलीकडच्या कपाळावर गेलं. वर मला डाळ जरा जास्तच वाढली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ओतीव लोखंडातल्या भेगा शोधते. साध्या डोळ्यांना न दिसणारी भेग शोधण्याचा मला पगार मिळतो, तेव्हा एवढं मोठं बोट मला दिसणार नाही असं त्यांना का वाटलं कोण जाणे.

त्यानंतर मी देवळात मागे उभी राहू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. पुजाऱ्याच्या हातात कुंकवाचं ताट दिसलं की माझे पाय आपोआप खांबाआड जायचे. मला या पायांचा फार राग यायचा. मला पुन्हा सरळ देवापुढे जाऊन उभं राहायचं होतं, आणि ते आपल्या गावात जमत नव्हतं. म्हणून मी ठरवलं की जिथं मला कुणी ओळखत नाही, तिथल्या देवांकडे जाऊन बघू.

घरात मी आणि आत्ती, दोघीच. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. मी लग्न करून या घरात यायच्या आधीच सासरे गेलेले. आत्तींचं बोलणं कुऱ्हाडीचं, पण घाव घालून झाल्यावर त्याच लाकडाची चूल पेटवून चहा देणार. मी बेत सांगितला तेव्हा त्या शेंगा फोडत होत्या. "जा की," त्या म्हणाल्या. "हितं बसून काय उजेड पाडणार हाईस?" मग सॅकमध्ये भडंगाचं पाकीट आणि शेंगदाण्याची चटणी स्वतःच्या हाताने कोंबली. चटणीने माझ्या दोन कुर्त्यांची जागा घेतली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी मलेशियातल्या पेनांगला पोचले. तिथल्या जुन्या शहरात एकाच रस्त्यावर चर्च, चिनी देऊळ, तमिळ लोकांचं मारीअम्मन देवीचं देऊळ आणि मशीद आहे. त्या रस्त्यावर मी चार दिवस नुसती वर-खाली फिरत होते. हवा इतकी दमट की सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटायचं. दुपारी रस्त्यावर माणूस नसायचं, सायकलरिक्षावाले आपल्याच रिक्षांत झोपलेले असायचे, आणि मी जागी आहे की झोपेत चालते आहे, हे मलाही धड कळत नसे.

पहिल्या दिवशी चर्चमध्ये गेले. पांढऱ्या खांबांचं मोठं दालन, वर संथ फिरणारे पंखे, बाकी शुकशुकाट. एक म्हातारी बाई फुलदाणीत फुलं लावत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या हातात देठ कापायची कात्री दिली. तासभर मी देठ कापत होते. उंच खिडक्यांतून येणारं ऊन बाकांवरून हळूहळू सरकत होतं. तिने माझं नाव विचारलं नाही, की मी तिचं. निघताना तिने माझा खांदा थोपटला, आणि मी बाहेर येऊन पायरीवर किती वेळ बसून राहिले ते आठवत नाही.

मशिदीत दारापाशी एका बाईने मला डोक्यावरून घालायचा लांब झगा दिला. माझे केस आत खोचले आणि हनुवटीखाली बंद नीट बांधले, लग्नाला निघालेल्या पोरीला बांधावेत तसे. मशिदीत पाऊल ठेवताना मला परकं वाटलं नाही. माझं माहेर कुरुंदवाड. तिथं मशिदीत गणपती बसतो. लहानपणी मला वाटायचं, गणपती सगळीकडे मशिदीतच बसवतात. आत गार फरशी होती, कबुतरांचा आवाज होता आणि कोपऱ्यात एक माणूस भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. मीही मिटले. संध्याकाळी आत्तींना फोन केला. "कुठं गेलतीस?" "मशिदीत." "मग म्हायेरालाच जाऊन आलीस की," त्या म्हणाल्या आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवून दिला.

चिनी देवळात धुराने डोळे चुरचुरत होते. ती करुणेची देवी. बायका तिच्यापुढे अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकत होत्या आणि ते कसे पडतात त्यावरून तिचं उत्तर ओळखत होत्या. म्हणजे कौलच. एका मावशींनी मला खुणेने शिकवलं. एक पालथा आणि एक उताणा पडला तर होय. दोन्ही पालथे, तर नाही. मी मनात विचारलं, "मी पुढे येऊ का?" आणि टाकले. दोन्ही उताणे पडले. मावशी तोंडावर हात ठेवून हसल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या की असं पडलं म्हणजे देवी हसते आहे. प्रश्न नीट विचारून पुन्हा ये. मी भेगा शोधणारी बाई, प्रश्न नीट विचारायची मला सवय आहे, असं म्हणायचं मनात आलं. पण खरं तर मला स्वतःलाच तो धड ठाऊक नव्हता.

आणि मग मारीअम्मनचं देऊळ. इथे मला सगळ्यात सोपं जाईल असं वाटलं होतं. नारळ, कापूर, मोगरा, घंटा, सगळं आपलंच. डोळे मिटून घेतले तर कोल्हापूरच्या देवळाच्या महाद्वारात उभी आहे असंच वाटावं. आरती झाली. पुजारी ताट घेऊन रांगेतून येऊ लागला. एकेकाच्या हातावर अंगारा, कुंकू. तो चार माणसांवर आला आणि माझे पाय निघाले. चपला हातात घेऊन मी रस्त्यावर आले आणि उन्हात तशीच चालत राहिले. येशूपुढे बसले, अल्लाच्या घरात डुलकी काढली, चिनी देवीला प्रश्न विचारला, आणि आपल्या देवीपुढून चोरासारखी पळाले. मला ओळखणारं तिथं चिटपाखरू नव्हतं, तरी पळाले. तेव्हा माझी खात्रीच झाली की हे सगळं मी बरोबर घेऊन आले आहे आणि सॅकमध्ये चटणीपेक्षा तेच जड आहे. त्या दिवशी मी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडची गाडी धरली. सरहद्दीवर गाडी बदलून थायलंडमध्ये शिरले. खिडकीबाहेर रबराची झाडं रांगेने येत आणि जात होती, मधे भाताची खाचरं, मधे एखाद्या देवळाचं सोनेरी टोक. मी पेंगत होते. नवरा शेजारी बसून भडंग खातो आहे असं मला बराच वेळ वाटत राहिलं आणि मी ते वाटू दिलं. एका लहान गावात उतरले, कारण स्टेशनवर चाफा फुलला होता. एवढंच कारण होतं.

त्या गावात त्यांच्या नव्या वर्षाचा सण चालू होता. बुद्धाच्या देवळात गर्दी होती. लोक मूर्तीच्या खांद्यावर सुगंधी पाणी ओतत होते. पुढे भगवे भिक्षू बसलेले, त्यांच्यामागे गावची मंडळी, आणि एका बाजूला मागे, भिंतीला लागून, दहाबारा बायका. पांढरी वस्त्रं, डोक्याचा गुळगुळीत गोटा, हातात काही नाही, कपाळ रिकामं. माझ्या आजीच्या आईला आजीने असंच पाहिलेलं, विधवेच्या लाल आलवणात, पण डोकं असंच. मला वाटलं, या इथल्या विधवा. यांना अजून असं ठेवतात आणि मागे बसवतात. राग आला, मग रडू आलं, आणि मग मी अगदी सरळ चालत जाऊन त्यांच्या रांगेत शेवटी बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा कुठे बसायचं याचा विचार करावा लागला नाही.

शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं. साठीची असावी, डोळे मिस्कील. तिला बरं इंग्रजी येत होतं, पूर्वी शाळेत शिकवायची. "पाहुणे तिकडे बसतात, पंख्याखाली," ती म्हणाली. "इथे का बसलीस?"

मी म्हणाले, "माझाही नवरा गेला."

तिने माझा हात हातात घेतला आणि वाईट वाटल्याचं सांगितलं. मग विचारलं, "माझा'ही' म्हणजे?"

मी तिच्या डोक्याकडे, पांढऱ्या वस्त्राकडे हात केला. तिला कळायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "माझा नवरा शेजारच्या गावात आहे. मोटारसायकली दुरुस्त करतो. तब्येत उत्तम." तिने हे रांगेत पुढच्या बाईला सांगितलं, तिने पुढचीला, आणि दहाबारा गोटे एकामागून एक हसायला लागले. एकीने तर वस्त्राच्या टोकाने डोळे पुसले. कुणी लग्नच केलं नव्हतं, कुणी संसार आटोपून आली होती, एकीला घरी फार आवाज होतो म्हणून ती इथे आली होती. विधवा दोघी होत्या, पण त्यांना ते सांगायचं सुचलंही नव्हतं. त्या संन्यासिनी होत्या, डोकं त्यांनी आपल्या मर्जीने भादरलं होतं. भेगा शोधणाऱ्या बाईने धडधाकट लोखंड मोडीत काढलं होतं. मला इतकी लाज वाटली की मीही हसले.

"पण मागे तुम्हीच बसता," मी जरा चिडूनच म्हणाले.

"बसतो की," ती म्हणाली आणि पुढच्या भिक्षूंकडे हनुवटी उडवली. "त्याबद्दल आम्ही भांडतो आहोत. अजून वेळ लागेल."

तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी उठली. वाटीत पांढऱ्या मातीचं पातळ गंध होतं, उन्हाळ्यात थंडावा म्हणून तोंडाला लावायचं. सणाला ते एकमेकांना लावतात. ती रांगेतून एकेकीच्या गालाला, कपाळाला बोट लावत येऊ लागली. मला तिचं बोट दुरूनच दिसत होतं. ती माझ्यापाशी आली आणि मी मान वळवली. तिला अवघड होऊ नये, तिने सहज पुढे जावं, म्हणून वळवली. शेवटी बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याची तेवढी तरी सोय बघावी लागते.

ती गेली नाही. तिने माझी हनुवटी धरली नाही की काही बोलली नाही. वाटी घेऊन उभी राहिली. मला तिचे अनवाणी पाय दिसत होते, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं. बाहेर पोरं एकमेकांवर पाणी उडवत ओरडत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी मी मान सरळ केली. तिचं बोट माझ्या कपाळाला लागलं, थंडगार, आणि मी हमसून हमसून रडले. सगळ्यांच्या देखत, नाक शिंकरत. मला कुणीतरी लावायला हवं होतं. तीन वर्षं मला एवढंच हवं होतं.

त्या संध्याकाळी मी आत्तींना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी फोन इतका जवळ धरला होता की फक्त एक डोळा आणि चष्म्याची काडी दिसत होती.

"कपाळाला काय ते?"

"गंध. इथल्या एका बाईंनी लावलं."

"तुला?"

"मला. इथं कुणी विचारत नाही आत्ती. सगळ्यांना लावतात."

त्यांनी फोन आणखी जवळ घेतला, पडदा काळा झाला. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाल्या, "गार वाटतंय व्हय?"

"वाटतंय."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. माझा उत्साह उतू जात होता. मी त्यांना अर्धा तास त्या बायकांची गोष्ट सांगितली, आपली माणसं किती मागासलेली तेही ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एरवी त्या माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत.

घरी परतले तेव्हा अक्षय तृतीयेला चार दिवस होते. चैत्रगौर बसलेलीच होती. तीन वर्षं आमच्या घरी गौर बसत होती, पण हळदीकुंकू होत नव्हतं. मी सगळ्या गल्लीला बोलावणं केलं. हळदीकुंकू मीच करणार आणि करंडा मीच फिरवणार, हे दारोदार जाऊन सांगितलं. यायचं तिने यावं. आत्तींनी फक्त विचारलं, "डाळ किती जणींची भिजवू?"

चौदा जणी आल्या. मी करंडा घेतला. पहिलीला लावताना तिची मान ताठ झाली, पण तिने ती मागे घेतली नाही. दुसरीने पटकन गौरीकडे बघितलं. तिसऱ्या समोरच्या काकी. त्यांनी माझ्या हातातून करंडाच काढून घेतला. मला वाटलं, झालं. पण त्यांनी बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला दाबून लावलं. "चांगलं मोठं लावते," त्या मोठ्याने म्हणाल्या, "न्हायतर परत हिंडत बसशील जगभर." सगळ्या हसल्या. मग एकदम गलका झाला, डाळ, पन्हं, थायलंडचे फोटो. मी हवेत होते.

सगळ्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आत्ती पन्ह्याचे पेले विसळत होत्या.

"आत्ती, बघितलंसा? लावलं की त्यांनी!"

"बगिटलं. हितनं समदं दिसतंय," त्या म्हणाल्या. पेला उपडा ठेवला. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तू लगीन करून आलीस, तवा पैल्या चैत्रात असाच करंडा घेऊन फिरत हुतीस. नव्या साडीत. हितल्या दारापतुर आलतीस. मला वाटलं, ही शिकलेली पोर हाय, ही येतीया आत. मी हात बी पुसलं हुतं."

मला तो दिवस आठवत होता. साडी आठवत होती, गौरीची आरास आठवत होती, आलेल्या बायका आठवत होत्या. त्या दारात मी आल्याचं आठवत नव्हतं. डाळ संपली का ते विचारायला आले असेन. त्यानंतर आणखी आठ चैत्र मी या घरात करंडा फिरवला होता आणि दरवर्षी बायकांना सांगितलं होतं की डाळ आमच्या आत्तींच्या हातची.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. विचारताना मलाच तो प्रश्न किती निर्लज्ज आहे ते कळलं.

"तू बोललीस का शेजारणीला?"

मी बाहेरून करंडा घेऊन आले. आत्तींनी नळ बंद केला. हात नाही पुसले, पदराने कपाळ पुसलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या माझ्यापेक्षा एवढ्या बुटक्या आहेत हे मला माहीत नव्हतं. मी बोट टेकवलं, कुंकू मधोमध लागलं नाही, थोडं भुवईवर सांडलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"चुकलं माझं, आत्ती," मी म्हणाले.

"व्हय," आत्ती म्हणाल्या, "चुकलंच."